चाळणी

गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राला त्यासाठी १९९४ उजाडलं. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. बीडमध्ये तर ८०७. घरोघरी ‘आमचा आम्ही बघू’ म्हणत घेतलेल्या निर्णयांची ही बेरीज. त्यामुळे आईच्या रक्तावरून दहाव्या आठवड्यापासून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज देणारी चाचणी आली, तेव्हा ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ म्हणून मला गप्प बसवत नाही.

मुळात ही चाळणी आहे, निदान नव्हे. समजा, हजारात एका गर्भाला डाऊन सिंड्रोम आहे आणि चाचणी हजारात एकदाच खोटी धोक्याची घंटा वाजवते. दहा हजार गर्भवतींमध्ये दहा खरे निघतील, जवळपास तितकेच खोटे. म्हणजे इतक्या अचूक चाचणीतही ‘धोका आहे’ असा शेरा मिळालेल्या निम्म्या बायकांचं बाळ ठणठणीत असेल. खात्रीसाठी गर्भजल तपासायचं, तर साधारण पंधराव्या आठवड्यापर्यंत थांबावं लागतं. मधले आठवडे ती बाई कशी काढते, हे रिपोर्टात नसतं.

‘मुलगी असणं आणि आजार असणं एकच का?’ असं कुणी विचारेल. नाहीच. आईवडील दोघेही थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर दर गरोदरपणात चारात एक शक्यता आजाराची; गंभीर प्रकारात मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यांना गर्भाची तपासणी नाकारणं मला क्रूरपणाचं वाटतं, आणि पुढचा निर्णयही त्यांचाच. पण डाऊन सिंड्रोम असलेलं मूल किती शिकेल, किती बोलेल, हे गुणसूत्रं मोजून कळत नाही. शाळा दारातून परत पाठवते, थेरपी परवडत नाही, ‘आमच्यामागे याचं कोण करणार’ ही धास्ती असते. हा भार गुणसूत्राचा कमी, आपला जास्त. मुलगी ‘नकोशी’ झाली तीही आपल्यामुळेच. तुलना असलीच तर एवढ्यापुरती. असला भार हलका न करता नुसती चाचणी पुढे करायची आणि तिला निवडीचं स्वातंत्र्य म्हणायचं, हे मला पटत नाही. ‘समुपदेशनाला वेळ कुठाय?’ ही डॉक्टरांची अडचण खरी आहे. पण मग रक्त घ्यायलाही वेळ नसावा. १९९४च्या कायद्याचं पाचवं कलम सांगतं, की प्रसवपूर्व निदानाआधी बाईला परिणाम समजावून सांगायचे, तिला कळेल अशा भाषेत लेखी संमती घ्यायची आणि तिची प्रत तिच्या हाती द्यायची. ती प्रत मागून घ्या.