पोटातले पाणी

चाळिशी उलटलेल्या माणसाने घर बांधावे, तीर्थयात्रेला जावे, फार तर एखादी कादंबरी लिहावी. कादंबऱ्या माझ्या लिहून झाल्या होत्या आणि तीर्थयात्रेची ओढ नव्हती. घर होते, पण त्यात मन लागेनासे झाले होते. तेव्हा मी राहण्यासाठी एक जुनी मोटारबोट विकत घ्यायचे ठरवले. मोठ्या सुटीत तिच्यावरच बिऱ्हाड करायचे, रेवस, धरमतर, अलिबाग करत जंजिऱ्यापर्यंत जायचे आणि जमले तर पुढेही, असा बेत होता.

हे खूळ डोक्यात का शिरले ते आधी सांगितले पाहिजे. गव्हाणला आमची खाडीकाठची भातशेती होती. सिडको 1970 साली स्थापन झाली, जमिनी गेल्या. 1984 च्या जानेवारीतल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच माणसे गेली, आणि पुढे साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले. आमच्या भूखंडाचे भावाभावांत वाटे झाले, तो विकला, आणि माझ्या हिश्शाचे पैसे बँकेत पडून राहिले. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली उलव्याची टेकडी विमानतळासाठी कापली गेली. समुद्रावर 2024 साली अटल सेतू उभा राहिला. जमिनीवरच्या ओळखीच्या खुणा अशा एकेक पुसल्या गेल्या. भरती-ओहोटी मात्र आजोबांच्या हिशोबाप्रमाणेच येत-जात होती. मला वाटले, पाण्याला तरी सातबारा नाही.

बायकोला वाटले, हे पैसे मुलीच्या शिक्षणाचे आहेत. तिने तसे म्हटले नाही. फक्त पासबुक कपाटातून काढून टेबलावर ठेवले आणि स्वयंपाकघरात गेली.

दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ही गोष्ट मी वर्गात रंगवून सांगत असतो. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. पण ती नवी कोरी शिडाची नाव, आणि पाठीशी अख्खे नौदल. माझ्या पाठीशी एक पासबुक, आणि तेही रागावलेल्या हातांनी ठेवलेले.

पहिली बोट मी करंजाला पाहिली. पूर्वी उतारू नेत असे म्हणे. चाळीस फूट लांब, निळ्या-पांढऱ्या रंगाने लखलखणारी. आत चार बाकडी, खिडक्यांना पडदे, कोपऱ्यात पितळी दिवा. खिडकीशी माझे लिहिण्याचे टेबल कुठे मांडायचे तेसुद्धा मी ठरवून टाकले. इसाराचे पैसे खिशात होतेच. केवळ रीत म्हणून कोळीवाड्यातल्या एका वृद्ध नाखवांना बरोबर नेले होते. वडिलांचे ते जुने स्नेही.

नाखवांनी रंगाकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते सरळ इंजिनापाशी गेले आणि तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यावर हात ठेवला. इंजिन कोमट होते. मालक म्हणाला, “आत्ता सुरू करून दाखवतो.” नाखवा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मास्तर, सकाली चालवून ठेवलाय. थंड इंजिन काय बोलतं ते आपल्याला आयकू द्यायचा नाय.”

मग त्यांनी तळाच्या फळ्या उचलायला लावल्या. आत थेंबभर पाणी नव्हते. मी मनात खूश झालो. ज्या दोन जाड तुळयांवर इंजिन बसवलेले असते, त्यांच्या पोटाशी नाखवांनी स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि नुसता दाबला. तो लोण्यात सुरी जावी तसा मुठीपर्यंत आत गेला. खारे पाणी लाकूड टिकवते, पावसाचे गोडे पाणी ते कुजवते, हे मला त्या दिवशी कळले. छपरातून वर्षानुवर्षे झिरपलेला पाऊस त्या तुळयांत मुरला होता, आणि वरून रंग दिलेला होता.

मालक म्हणाला, “जुना माल घेताय साहेब, नवरी कुठून मिळणार?” मी काहीच बोललो नाही. खरे सांगायचे तर मला राग आला तो नाखवांचा. परतीच्या रिक्षात मी त्यांच्याशी धड बोललोही नाही. एवढे दिवस मनात मांडलेले टेबल त्यांनी एका स्क्रूड्रायव्हरने उधळून लावले होते.

दुसरी बोट मोऱ्याला होती. तीस फूट, काळीकुट्ट, मासळीच्या वासाने भरलेली. केबिन इतकी बुटकी की आत माणसाने बसावे, उभे राहण्याचे नाव काढू नये. इंजिन लहान, पण थंडगार. सुरू केल्यावर थोडा पांढरा धूर आला आणि गेला. निळा येत राहिला तर तेल जळते, काळा आला तर इंजिनाला भार झेपत नाही, असे नाखवा समजावत होते. ऑइल काढून पाहिले. त्यात पाणी मिसळून ते दुधाळ झालेले नव्हते. मालक म्हणाला, “रात्रीत चार बोटं पाणी येतं. आधीच सांगतो.” नाखवांनी पोटात खडूची रेघ मारली आणि रात्रभर बोट पाण्यातच ठेवायला लावली. सकाळी मोजले तर बरोबर चार बोटे.

“घे,” नाखवा म्हणाले. “बोट गलते, पन मानूस गलका नाय.”

आता बायकोला दाखवणे भाग होते. ती आली, पदर खोचून केबिनमध्ये शिरली आणि तिने असे प्रश्न विचारले की जे मला किंवा नाखवांना सुचले नव्हते. संडास कुठे? प्यायच्या पाण्याचे डबे किती मावतील? पावसात ओले कपडे कुठे वाळायचे? शेगडी आत ठेवायची म्हणताच नाखवांनी अडवले. गॅस हवेहून जड, गळला तर बोटीच्या तळाशी जाऊन साठतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. “मग मी बाहेर उघड्यावर रांधीन,” ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, “अहो, इथे राहायला मी येणार नाही. सुटीत येईन. किंमत काय आहे?”

किंमत पहिलीच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी होती. उरलेल्या पैशांचे काय करायचे ते तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी पासबुक पुन्हा कपाटात गेले.

नोंदणी आणि तपासणीच्या दाखल्यात दोन महिने गेले, त्याबद्दल न लिहिलेले बरे.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आम्ही बोट गव्हाणला आणली. तिथीच्या पाऊणपट केले की भरतीची वेळ मिळते, हा आजोबांचा हिशोब. अमावास्येचे सव्वाअकरा, धरा बारापर्यंत. त्यानंतर खाडीत नुसता चिखल. सुकाणूवर नाखवा, नाळेवर मुलगी. न्हाव्याच्या पुढे गेल्यावर बायकोने फळी उचलून आत पाहिले.

“अहो, पंप मारा.”

मी पंप मारू लागलो. ती फराळाचा डबा मांडीवर घेऊन मोजत होती. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.