काकतीहून आप्पांना

निपाणी, शनिवार सकाळ

ती. आप्पा,

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही. चाळीस वर्षं लेथच्या आवाजात गेलेले तुमचे कान, त्यामुळे पत्रच बरं. आधी गाडीची बातमी सांगते. कोल्हापूर ते निपाणी एकदाही बंद पडली नाही. साठच्या वर नेली नाही. लिटरला चाळीस मिली ऑइल, तुम्ही सांगितलंत तसं मापानं घातलं. पहिल्या किकला सुरू झाली. किकचाच दांडा पुढं घेतला की त्याचा गिअर होतो, हे बघायला पंपावर दोन पोरं थांबली होती. त्यांनी असली गाडी आजवर पाहिली नव्हती.

कागल मागं पडलं की दूधगंगेचा पूल लागतो, आणि पलीकडे पाट्यांवर कानडी अक्षरं दिसायला लागतात. पूल ओलांडताना मनात आलं, ही आता माहेरच्या राज्यात आली. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून जावा बनायच्या, १९७३ पासून त्यांचं नाव येझदी झालं. तुम्ही १९८६ साली आपली रोडकिंग घरी आणलीत, त्यानंतर दहा वर्षांत कारखानाच बंद झाला. म्हणून काकतीचा जुन्या गाड्यांचा मेळावा झाला की लगेच परत न फिरता मी मैसूरपर्यंत जाणार आहे. आईला हे हळू आवाजात सांगा.

निपाणीत चहाला थांबले. १९८१ साली हा रस्ता अडला होता ती गोष्ट तुम्ही कितीदा सांगितली आहे. शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूचे शेतकरी याच हायवेवर दिवसच्या दिवस ठाण मांडून बसले होते, आणि ६ एप्रिलला गोळीबार झाला. टपरीवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना त्याबद्दल विचारलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला, रस्त्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हितंच." पुढं काही बोलले नाहीत. त्यांच्या समोरून गाडी सुरू करून निघणं मला जड गेलं. थोडं अंतर हातानं ढकलत नेली आणि मग किक मारली.

संकेश्वर, शनिवार दुपार

आप्पा, तवंदी घाटात बंद पडली. काळजी करू नका, आता नीट चालते आहे.

चढाला दुसऱ्या गिअरवर खोकायला लागली आणि वळणावर गप्प झाली. कडेला घेतली. प्लग काढला तर काळा ओला. पॉलिश पेपरनं साफ करून बसवला, तरी ठिणगी लालसर, अशक्त. मग तुम्ही सांगता तो क्रम आठवला: आधी पेट्रोल, मग ठिणगी, मग बाकी सगळं. कव्हर उघडलं. प्लॅटिनचा गॅप जवळजवळ मिटलाच होता. फिलरची पाती लावून चार दशांश मिलिमीटरवर आणला, स्क्रू आवळताना पाती पुन्हा फिरवून बघितली, कारण आवळताना गॅप हलतो. तिसऱ्या किकला सुरू झाली. घाटात पळस फुलला होता, काटेसावरीखाली लाल सडा पडला होता. हे सगळं मला इंजिनाचा आवाज सरळ झाल्यावरच दिसलं.

आईसाठी इथली संकेश्वरी मिरची घेतली आहे, दोन किलो. हंगामाची आहे, वास सुरेख आहे.

काकती, रविवार रात्र

मेळावा झाला. तुम्ही यायला हवं होतंत, आप्पा. गुडघ्यांचं कारण मी यापुढे ऐकणार नाही. पुढच्या वेळी चारचाकीतून आणीन.

काकती हायवेला लागूनच आहे, बेळगावच्या अलीकडे दहाएक किलोमीटरवर. मार्कंडेय नदी जवळून वाहते, पाठीशी डोंगर. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं हे माहेर. १७७८ साली त्या इथं देसायांच्या घरी जन्मल्या, आणि १८२४ च्या ऑक्टोबरात कित्तूरच्या लढाईत त्यांच्या फौजेसमोर कंपनीचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. लहानपणी त्या इथं घोडदौड शिकल्या असं गावातले लोक सांगतात. आज सकाळी याच गावात मी एकटी गाडी घेऊन शिरले. एक आजी दारातून म्हणाल्या, "कोल्हापुरास्नं एकटीच आलीस काय गे? बरं केलीस." मला फार बळ आलं.

एका आमराईत तीसेक गाड्या लागल्या होत्या. मोहर संपून झाडांना बाळकैऱ्या धरल्या आहेत. बुलेट होत्या, राजदूत, आरएक्स १००, आणि आपल्यासारख्या नऊ येझदी-जावा. माणसं खानापूर, हुबळी, गडहिंग्लज, सावंतवाडी, फोंड्याकडून आलेली. अर्धं बोलणं मराठी, अर्धं कानडी, मधेच कोकणी, आणि गाडीच्या पोटात हात घातला की सगळ्यांची एकच भाषा: प्लग, प्लॅटिन, रिंग, बोअर. सीमेवरून इतकी वर्षं भांडण चालू आहे. मला त्या भांडणाचं दुःख ठाऊक आहे, आपल्या घरातही आहे. पण आज एका कानडी गृहस्थांनी आपल्या डब्यातला जास्तीचा क्लच वायर मराठी पोराला दिला आणि पैसे घेतले नाहीत, तेही मी पाहिलं.

बाराच्या सुमाराला बेळगावच्या उद्यमबागेतले एक वयस्कर मेकॅनिक आले. कुणी त्यांना स्टेजवर बसवलं नाही, स्टेज नव्हताच. गाड्यांमधून सावकाश फिरले. आपल्या गाडीजवळ थांबले, मला चालू करायला सांगितलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "आवाज बराय. बुश कुणी टर्न केलंय?" मी तुमचं नाव सांगितलं, उद्यमनगर सांगितलं. त्यांनी मान हलवली. "कोल्हापूरचा हात. कळतंय की." आप्पा, हे शब्द जसेच्या तसे लिहिते आहे.

मग तासभर त्यांच्याशी बोलले. कोल्हापूरचं उद्यमनगर आणि बेळगावची उद्यमबाग, दोन्हीकडे फाउंड्री आणि लेथ, दोन्हीकडे हातात कसब असलेली माणसं. कारखाना बंद झाल्यावर या गाड्या तगल्या त्या अशाच माणसांमुळे. सुटा भाग मिळत नाही म्हणून कुणी गाडी भंगारात टाकली नाही. जुना भाग कॅलिपरनं मोजायचा, पितळ किंवा लोखंड निवडायचं आणि नवा करायचा. ते म्हणाले, आता त्यांच्याकडे शिकायला कुणी राहत नाही. पोरं येतात, मोबाइलमध्ये फोटो काढतात आणि जातात. गॅप किती ते व्हिडिओत सांगतात, स्क्रू आवळताना गॅप हलतो हे कुणी सांगत नाही.

हे ऐकल्यावर जेवण घशाखाली उतरेना. आम्ही मालक मिरवतो. टाकी चकाकते, फोटो निघतात, आणि ज्यांच्या हातांनी गाडी धावते ती माणसं दुकानाचं शटर ओढून घरी बसत चालली आहेत. मेळावे व्हावेत, मला फार आवडतात. पण ज्या मेळाव्याहून एखादा पोरगा नवी विद्या घेऊन घरी जात नाही, तो मला अपुरा वाटतो. दुपारी सगळ्यांसमोर हे बोलले. बोलताना आवाज कापत होता, तरी बोलले. दोन मुलं शिकायला पुढं आली. एक खानापूरचा, आयटीआयचा टर्नर, दुसरा हुक्केरीकडचा, सध्या शेती करतो, घरी आजोबांची बंद पडलेली जावा आहे.

संध्याकाळी बेळगावातून कुंदा आणला, तो मिरचीबरोबर बांधला आहे. उद्या पहाटे मी धारवाडकडे निघेन. ही तिन्ही पत्रं पोस्टात टाकली नाहीत, ती आणि मिरची घेऊन हीच दोन मुलं येत्या रविवारी सकाळी तुमच्या दारात उभी राहतील. आप्पा, मागची खोली उघडा. लेथवरचं कापड काढा. खानापूरच्या मुलाला मराठी येतं, दुसऱ्याला थोडं कमी कळतं, त्याला हातात धरून दाखवा. त्यांना आधी जेवायला घाला, आणि मग प्लॅटिनपासून सुरुवात करा.

तुमची लेक