चित्रकाराच्या भेटीस

जिव्या सोमा म्हशे २०१८ मध्यें निवर्तले. त्यापूर्वींची ही गोष्ट. मुंबईस त्यांचीं वारली चित्रें मांडलीं आहेत, स्वतः चित्रकारही भेटतील, असें कळलें. एका भिल्ल विद्यार्थ्यास सोबत घेऊन आम्ही नंदुरबारहून निघालों. वाटेंत डहाणू लागलें. चित्रकाराचें घर त्याच तालुक्यांत. दर्शन मात्र मुंबईस घ्यावयाचें!

दालनांत ते नव्हते. शेणानें सारवलेल्या कापडावर पांढऱ्या रेघा, तारपेवाल्याभोंवतीं नाचणाऱ्यांचें वेटोळें. सवाशिणींनीं तांदळाच्या पिठानें लग्नघराच्या भिंतीवर काढावयाचें हें चित्र म्हशे यांनीं नित्याचें केलें. २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. भिंत विकतां येत नाहीं, चौकट येते, हा विचार आम्हांस तेथें बोचला.

विद्यार्थी मात्र तारप्यावरून नजर काढीना. “सर, ही तर आमची पावरी!” तो म्हणाला, आणि ती कशी फुंकतात हें रखवालदारास सांगूं लागला.