ऊन पाण्याची गावे आणि कुंडाची पायरी

कोहमाऱ्याच्या चौकात महामार्ग सोडून वळणारा प्रवासी विसाव्यासाठी जातो तो नवेगाव बांधाच्या तलावाकडे. ते पाणी थंड आणि माणसाने अडवलेले. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी तो बांध घातल्याचे सांगतात. जमिनीच्या पोटातून तापून येणारे पाणी हवे, तर गावांची नावे वाचावीत. किनवट तालुक्यातले उनकेश्वर, चोपड्याजवळचे उनपदेव, पालीजवळचे उन्हेरे, दापोलीकडचे उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे. संस्कृत ‘उष्ण’, प्राकृत ‘उण्ह’, मराठी ‘ऊन’ : शब्दाचा हा प्रवास नकाशावरच उमटलेला आहे.

तानसेकाठच्या वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांत राक्षसांचे रक्त तापते, अशी दंतकथा आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत या देवीला नवस केला, आणि मे १७३९ मध्ये वसई पडल्यावर मंदिर उभे राहिले, असे परंपरा मानते. भूशास्त्राची कथा याहून शांत आहे. दख्खनचा लाव्हा थंडावून सहा कोटींहून अधिक वर्षे झाली. ही ऊब ज्वालामुखीची नव्हे. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, पृथ्वीच्या अंतरंगातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. १८८२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ओल्डहॅम यांची देशभरच्या उष्णोदकांची सूची प्रसिद्ध केली. कोकणातील झरे किनाऱ्याला समांतर अशा एका ओळीतच सापडतात.

आज याच पाण्याभोवती ‘वेलनेस’ विश्रामधामे उभी आहेत. शांत डोळे मिटून पडण्याचे सुख खरेच. पण पाणी निसर्गाचे असले, तरी त्यात कोणी उतरावे हे इथे निसर्गाने कधीच ठरवले नाही. (पर्यटनपत्रकांत हा भाग नसतो.)

महाडजवळ सव येथे सावित्रीकाठी असेच ऊन कुंड आहे. त्या महाडात पाणी पिणे हाच गुन्हा ठरत होता. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला; महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, दावा गुदरला गेला. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल आंबेडकरांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये, एका ओंजळीनंतर दहा वर्षांनी.