रविवारची शिट्टी



तुर्भ्याच्या आमच्या वस्तीत दर रविवारी सकाळी आठ वाजता बुद्धविहारासमोर शिट्टी वाजते. ती वाजवणारे आम्ही चौघे. एक जण बाजार समितीत माथाडी, दुसरा एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर, तोही कंत्राटी. एक ताई अंगणवाडी सेविका आणि दुसऱ्या घरी शिवणकाम करणाऱ्या. नावे मुद्दाम देत नाही. नाव छापून आले की पुढच्या जयंतीला सत्काराच्या यादीत जायचे आणि ज्याचे छापून आले नाही त्याने रुसायचे, हा अनुभव आमच्या गाठीशी आहे. म्हणून हा लेख चौघांचा समजावा. लिहिला एकाने, पण दुरुस्त्या तिघांनी केल्या आणि काही भांडून केल्या.

पथकाला सहा वर्षे झाली. दहा ते सोळा वयाची चाळीसेक मुले-मुली येतात. आधी त्रिशरण-पंचशील, मग कवायत, थोडे प्रथमोपचार, दोरीच्या गाठी, बाबासाहेबांच्या चरित्रातला एखादा प्रसंग आणि शेवटी खिचडी. कल्पना अर्थातच समता सैनिक दलावरून घेतली. दलाची स्थापना 1927 सालची, महाडच्या सत्याग्रहाच्या वेळची मानली जाते. 20 जुलै 1942 रोजी नागपूरला दलाची मोठी परिषद झाली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी त्याच नागपुरात लाखोंचा समुदाय दीक्षेसाठी जमला, तेव्हा बंदोबस्ताला दलाचे सैनिक उभे होते. आमच्यातल्या माथाड्याचे आजोबा त्या दिवशी तिथे होते असे घरात सांगतात. सैनिक म्हणून होते की नुसते गर्दीत, याबद्दल घरातच दोन मते आहेत. ते असो.

मुलांना हे सारे सांगायला सोपे जाते. अवघड जाते ते त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणे. शाळेत स्काउटमध्ये असलेल्या एका मुलीने विचारले, "ताई, तिथे वचन देताना ईश्वर म्हणायला लावतात. आपल्या बावीस प्रतिज्ञांत तर तसं नाही. मी काय म्हणू?" आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. पुढच्या रविवारी सांगतो म्हणालो आणि कामाला लागलो. स्काउटची चळवळ बेडन पॉवेल यांनी 1907 साली इंग्लंडमध्ये सुरू केली. ती हिंदुस्थानात आली तेव्हा पहिल्यांदा गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीच होती. आपल्याकडच्या मुलांना दार बंद होते. म्हणून ॲनी बेझंट यांनी 1916 साली वेगळी संघटना काढली. पुढे स्काउटच्या शाखा एकत्र येऊन 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली. या संस्थेच्या वचनात 'ईश्वर' या शब्दाऐवजी, ज्याला हवे त्याने, 'धर्म' म्हणावे अशी सोय नियमातच आहे. ही गोष्ट किती बौद्ध पालकांना ठाऊक असेल? आम्हाला तरी नव्हती. त्या मुलीने शाळेत जाऊन सरांना नियम सांगितला आणि सरांनी मान्य केला. "मी तोंडाने धर्म म्हणते आणि मनात धम्म म्हणते," असे तिने आम्हाला येऊन सांगितले. आम्ही तिला शिकवत होतो की ती आम्हाला, हे त्या दिवशी कळेनासे झाले.

पण आज लिहायला बसलो ते यासाठी नाही. आमच्या हातून एक चूक झाली, ती लिहायची आहे. अंगणवाडीच्या ताईंचे म्हणणे असे, की सत्काराच्या बातम्या छापतो तर हेही छापून यावे.

सुरुवातीपासून आमचा एक नियम होता, गणवेश नाही तर पथक नाही. पांढरा सदरा, निळी टोपी, पायात बूट. आमचे फिटर बंधू याबाबतीत फार कडक. त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. बाबासाहेब आयुष्यभर नीटनेटके राहिले, आपल्या पोरांनी फाटके-तुटके का राहायचे? आणि गणवेशात कोण गरीब, कोण बरा, हे दिसत नाही, सगळे सारखे. आम्हा तिघांनाही ते पटले होते.

पथकात चौदा वर्षांचा एक मुलगा होता. गाठी बांधण्यात पटाईत, आवाज खणखणीत. पावसाळ्यानंतर तो उशिरा येऊ लागला. कधी चप्पल, कधी मळका टी-शर्ट. एकदा सांगितले, दोनदा सांगितले. तिसऱ्या रविवारी त्याला रांगेतून बाहेर काढले आणि सगळ्यांसमोर उन्हात उभे केले. अर्धा तास. तो एक शब्द बोलला नाही. नंतर म्हणालो, गणवेश असेल तेव्हाच ये. तो गेला तो पुन्हा आला नाही. आम्हीही फारसे मनावर घेतले नाही. मुले येतात, जातात. आठवीनंतर क्लास लागतात, हातात मोबाईल येतो, गळती होतेच.

दोन महिन्यांनी आमच्या माथाडी बंधूंना तो भाजी मार्केटात दिसला. पहाटेचे साडेतीन वाजलेले. टेम्पोतून कोथिंबिरीच्या जुड्या उतरवत होता. भाजीचा बाजार रात्रीच जागा असतो, हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. चौकशी केली तेव्हा सगळा उलगडा झाला. बाप बांधकामावर पडला होता, पायात सळई घातलेली, घरी झोपून. आई वाशीच्या सेक्टरांत धुणीभांडी करत होती. मुलगा मामाबरोबर रात्री बाजारात जायचा आणि रविवारी तिथूनच, न झोपता, थेट विहारावर यायचा. आठच्या शिट्टीला पोहोचायचे म्हणून घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नसायचा. बदलायला दुसरा सदराही नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही चौघे विहाराच्या पायरीवर बसलो. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग शिवणकामाच्या ताई म्हणाल्या, "बाबासाहेबांना शाळेत वेगळं बसवलं, हे आपण दर चौदा एप्रिलला सांगतो. आणि त्यांच्याच नावाच्या पथकात आपण एक पोरगं वेगळं उभं केलं."

फिटर बंधू उठून गेले. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी ते एकटेच त्या मुलाच्या घरी जाऊन आले होते, हे आम्हाला मागाहून समजले. आम्ही तिघे नंतर गेलो. आईने चहा केला. म्हणाली, "सर, तुमच्यावर राग नाही त्याचा. तो म्हणतो, मी पथकात बसत नाही." मुलगा पोटमाळ्यावर होता. खाली आला नाही.

आता खरा प्रश्न पुढे उभा राहिला. चौदा वर्षांच्या मुलाने रात्री बाजारात राबणे बरोबर नाही, हे आम्हाला कळते. तक्रार करावी तर त्या घरातली चूल विझते, गप्प बसावे तर आपण कसले कार्यकर्ते? अंगणवाडीच्या ताईंनी मार्ग काढला. म्हणाल्या, आधी बापाचे कागद बघू. बांधकाम कामगारांसाठी राज्यात कल्याणकारी मंडळ आहे. वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असला की नोंदणी होते आणि मग मुलांना शिष्यवृत्ती, उपचाराला मदत अशा योजना मिळू शकतात. पण या माणसाची नोंदणीच झालेली नव्हती. कंत्राटदार दाखला देईना. आमच्या माथाडी बंधूंनी सुट्या टाकून खेटे घातले. ते काम अजून पुरते झालेले नाही. वाचकांपैकी जे बांधकामावर असतील त्यांनी धडधाकट असतानाच नोंदणी करून घ्यावी, पडल्यावर कोणी दाखला देत नाही.

गणवेशाचे मात्र ठरले. शिवणकामाच्या ताईंचा सवाल साधा होता. "गणवेश समतेसाठी आहे ना? मग तो पथकाचा असू द्या. पोरांच्या बापाचा कशाला?" आता सदरे आणि टोप्या विहारातल्या पत्र्याच्या पेटीत असतात. सदऱ्याच्या कॉलरला आतून आकडा शिवलेला आहे, नाव नाही. मुले आली की घालतात, जाताना घडी करून ठेवतात. धुण्याची पाळी असते आणि त्यात मुलगेही असतात, हे आवर्जून सांगतो. एका आजींनी येऊन विचारले, माझा नातू पोरींचे सदरे धुणार का? ताई म्हणाल्या, पोरी त्याचा धुतात ते तुम्हाला चाललं होतं ना, आजी? बुटाची अट काढून टाकली.

कापडाला पैसे लागले. जयंती कमिटीकडे गेलो. म्हटले, डीजे एक दिवस कमी करा, चाळीस पोरांचे सदरे होतील. केवढा गदारोळ! "जयंतीचा उत्साह मारता का?" इथपासून "तुम्ही आमचे की त्यांचे?" इथपर्यंत. शेवटी निम्मे पैसे मिळाले, उरलेले आम्ही आणि काही पालकांनी घातले. निवडणुका जवळ आल्या की हाच प्रश्न जरा वेगळ्या गोडीने येतो. मुलांना गणवेशात रॅलीला आणा, नाष्टा देऊ, पथकाला स्पीकर देऊ. नाही म्हटले की प्रत्येक गटाला आम्ही दुसऱ्या गटाचे वाटतो. मुलेही विचारतात, "सर, आपण कोणत्या गटाचे?" आम्ही म्हणतो, विहाराचे. खरे सांगायचे तर स्पीकरच्या वेळी आमच्यातल्या एकाचे मन डळमळले होते. कोणाचे ते सांगत नाही.

मुलींची गोष्ट निराळीच. बारा-तेराव्या वर्षी मुली येईनाशा होतात. आम्ही समजत होतो घरचे पाठवत नाहीत. ताईंनी विचारले तेव्हा कळले, की विहाराच्या संडासाच्या दाराला कडी नव्हती. एवढीशी कडी! ती लावली आणि चार मुली परत आल्या. दुसरा नियमही ताईंनीच आणला. कोणत्याही मुला-मुलीबरोबर कोणी एकटे मोठे माणूस थांबायचे नाही, नेहमी दोघे, त्यातली एक बाई. काही ज्येष्ठ रागावले, आमच्यावर संशय घेता का म्हणाले. ताईंनी शांतपणे सांगितले की बालकांच्या संरक्षणाचा 2012 चा कायदा आहे, आणि कायदा नसता तरी आपण आई-बाप आहोत. तेव्हापासून बाहेर न्यायचे तर पालकांची सही लागते.

तशा सह्या घेऊन गेल्या हिवाळ्यात कान्हेरीला गेलो होतो. बोरिवलीच्या जंगलातली ती शंभरावर लेणी. मुलांना मूर्तींपेक्षा पाण्याची टाकी आवडली. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी दगडात कोरलेल्या पाटांनी जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या टाक्यात आणलेले. ज्यांच्या घरी नळाला ठरावीक वेळीच पाणी येते त्यांना त्याचे मोल लगेच कळले. "सर, भिक्खूंना टँकर लागत नव्हता," एकाने शेरा मारला. कल्याण, सोपाऱ्याच्या लोकांनी दिलेल्या दानाचे शिलालेख तिथे आहेत. परतताना डोकी मोजली तर अडतीसांपैकी सदतीसच भरली. आमच्या पोटात गोळा आला. वीस मिनिटांनी सर्वांत धाकटा सापडला. एका लेण्यात भिक्खूंच्या दगडी ओट्यावर गाढ झोपला होता. तेव्हापासून दर अर्ध्या तासाला मोजणी होते आणि मुले आमची नक्कल करून आम्हालाही मोजतात. एक, दोन, तीन, चार, सर सगळे आहेत.

तो मुलगा पथकात परत आलेला नाही. शाळा मात्र सोडलेली नाही, हे त्याच्या आईकडून कळते. आता फक्त शनिवारच्या रात्री बाजारात जातो, असेही ती म्हणते. पण गेल्या वर्षापासून एक गोष्ट घडते आहे. रविवारी सकाळी विहाराचे दार उघडायला गेलो की पायरीवर पिशवी असते. कधी मेथी, कधी टोमॅटो, कधी नुसती मिरची-कोथिंबीर. खिचडीत घालतो. कोण ठेवते हे कुणी बोलत नाही, मुलांना ठाऊक आहे. मागच्या रविवारी मात्र त्याला उशीर झाला असावा. पंचशील चालू होते तेव्हा तो पिशवी घेऊन फाटकापाशी आला, ती खाली ठेवली, हात जोडले आणि शेवटपर्यंत उभा राहिला. फिटर बंधूंनी पाहिले. त्यांनी हाक मारली नाही, फक्त कवायतीची शिट्टी त्या दिवशी जरा उशिरा वाजवली.

पेटीत तेवीस आकड्याचा सदरा त्याच्या मापाचा आहे. दुसऱ्या कुणाला देत नाही. तो मुलगा वाढत्या वयाचा आहे, म्हणून ताईंनी परवा त्याच्या बाह्या उसवून दोन बोटे वाढवून ठेवल्या.