जिना मोजणारा माणूस

सदाशिव पेठेतली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली आणि आईला घेऊन सिंहगड रस्त्यावर भाड्याच्या घरात जायचं ठरलं. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. "एवढ्यासाठी पॅकर्स-मूव्हर्स कशाला, एक टेम्पो सांग," असं जो तो म्हणत होता. माझं मन मात्र धजेना.

दहा वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून पुण्याला परत आलो तेव्हा मी नुसता स्वस्त भाव बघून फोनवरच गाडी ठरवली होती. चौदा हजार सांगितले होते. पुण्यात दारात गाडी लागल्यावर बावीस हजार मागितले. दिल्याशिवाय सामान उतरणार नाही म्हणाले. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. वडील नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले, त्यांची गादी आणि औषधांची पिशवी त्याच गाडीत. बिल्टीवर 'घरगुती सामान' एवढे दोनच शब्द, भावाचा कुठे पत्ता नाही. मी पैसे दिले. तो संताप अजून उतरलेला नाही.

या वेळी तिघांना विचारलं. पहिल्यानं फोनवरच साडेआठ हजार सांगितले. मजला कितवा, एवढंही विचारलं नाही. दुसऱ्यानं घराचा व्हिडिओ मागवला. तिसरे गृहस्थ मार्केट यार्डाजवळचे. ते स्वतः आले, पण घरात शिरायच्या आधी जिन्यातच थांबले. खिशातून टेप काढून त्यांनी वळणावरची रुंदी मोजली, मग वर येऊन आईच्या शिसवी कपाटाला टेप लावली.

"काकू, हे जिन्यातून उतरणार नाही. चढवलं कसं होतं?"

"गॅलरीतून. दोर लावून. माझ्या लग्नाच्या वर्षी," आई म्हणाली. तिला हे कुणीतरी विचारलं याचाच आनंद झाला होता.

"मग तसंच उतरवू."

तिथंच माझा निर्णय झाला, भाव कळायच्या आधी. बोळात 'छोटा हत्ती' टेम्पो येईल, मोठी 407 टिळक रस्त्यावरच उभी करावी लागेल, म्हणून छोट्या गाडीच्या दोन खेपा. नव्या सोसायटीत लिफ्ट सामानाला देतात का, किती वाजेपर्यंत, हे सगळं त्यांनी विचारून घेतलं. माणसं किती, खोकी किती, कपाट दोरानं, हे कागदावर मांडलं आणि खाली आकडा लिहिला: तेरा हजार पाचशे.

पहिल्यापेक्षा पाच हजार जास्त. पण साडेआठ हजारांत गाडी, डिझेल, खोकी आणि माणसं बसवायची तर कात्री हमालाच्या मजुरीलाच लागणार. हमालांना संरक्षण देणारा माथाडी कायदा 1969 चा. तरी घरं हलवणारे कितीतरी हमाल अजून त्याच्या बाहेरच आहेत. म्हणून मी या तिसऱ्या गृहस्थांच्या गोदामावर गेले. सामान फळ्यांवर, जमिनीपासून उचलून ठेवलेलं होतं. तिथल्या हमालांना हजेरी विचारली. रोजच्या रोज मिळते म्हणाले, आणि त्यातले दोघं तर बारा-तेरा वर्षं तिथंच होते. माणसं टिकतात तिथं सामानही टिकतं, असा माझा हिशोब.

हलायच्या दिवशी सकाळी सातला टोळी आली. कपाटाचे कप्पे काढले, आरशाच्या दारावर पुठ्ठा बसवला, सगळ्याला दोन गोधड्या गुंडाळल्या आणि मगच दोर घातला, लाकडाला कुठेही थेट लागणार नाही असा. दोराचा एक वेढा गॅलरीच्या खांबाला. टोळीतले वयस्क हमाल कठड्याशी ओणवे होऊन खाली बघत होते. "सोड... सोड... धर!" दोर खांबावर करकरत घसरायचा, थांबायचा. कपाट भिंतीपासून वीतभर अंतर राखून उतरत होतं. बोळातल्या सायकली थांबल्या होत्या. आई खाली, समोरच्या ओट्यावर, पदराच्या गाठीतली कपाटाची किल्ली मुठीत धरून उभी. गोधडी फरशीला टेकली तेव्हा तिनं श्वास सोडला.

संध्याकाळी त्या गृहस्थांनी कागदावरचाच आकडा मागितला आणि बिल दिलं. एक कुंडी फुटली होती, तेही त्यांनीच आधी सांगितलं.

हमालांनी नव्या खोलीत कपाट टेकवलं आणि विचारलं, "काकू, तोंड कुठं करायचं?"

"खिडकीकडं. तिकडं होतं तसं."

त्यांनी ते पुन्हा उचललं आणि फिरवलं.