आगटीभोवती

हुरड्याचा दाणा फार थोडे दिवस हुरड्याचा असतो. त्याआधी तो नुसतं दूध, त्यानंतर ज्वारी. नखाने दाबला की फुटावा पण वाहू नये, या बेताला आलेलं कणीस हात लावताच ओळखणारी माणसं आदिलाबादकडे अजून आहेत. जैनथ, बेला, भीमपूर ही पैनगंगेच्या अंगाची मंडलं. नदीपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. दुकानावरची पाटी तेलुगूत, बांधावरचं बोलणं मराठीत. 1956 साली राज्यांची नवी मांडणी झाली तेव्हा याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके तिकडे गेले आणि ही गावं इकडे राहिली. सोयरीक दोन्हीकडे, त्यामुळे चुलीही सारख्याच.

माझा भाचा पुण्यात असतो आणि व्हीगन आहे. दूध, दही, तूप, मध, काहीच नाही. शहरातल्या एका बड्या हॉटेलात त्याने टेस्टिंग मेन्यू खाल्ला होता. घासभर पदार्थ, एकामागून एक बश्या, आणि प्रत्येक बशीबरोबर वेटरचं छोटंसं भाषण. फार कौतुकाने सांगत होता. म्हटलं, पुसाच्या थंडीत चल माझ्या मावशीच्या शेतात.

शेत म्हणजे बहुतेक कापूसच. वेचणी होत आलेल्या पऱ्हाट्या, वर चिकटलेली उरलीसुरली बोंडं, आणि कडेला ज्वारीची एक पट्टी, घरच्यापुरती. एकेकाळी या जिल्ह्यात ज्वारी हेच जेवण होतं, गोंडांचंही आणि आपलंही. 1983 साली एन. टी. रामारावांचा दोन रुपये किलोचा तांदूळ आला, शेतात कापूस पसरत गेला, आणि भाकर थापणाऱ्या हातांना हळूहळू उसंत मिळाली. ती उसंत बायकांना हवीच होती, हेही खरं. भाकरीच्या आठवणीने गळे काढणारे बहुतेक पुरुषच असतात.

माझ्या मामांनी जमिनीत हातभर खड्डा केला होता. तळाला वाळल्या पऱ्हाट्या, वर गोवऱ्या. गोवऱ्या पाहून मामांनी भाच्याला सरळ विचारलं, "शेण चालते का बापा तुले?"

"खायचं नसेल तर चालतं," तो म्हणाला.

पऱ्हाट्यांचा जाळ उंच उठला तेव्हा त्यावर हरभऱ्याचे ढाळे धरले. घाटे तडतडले, साल काळी झाली, आत दाणा हिरवागार आणि वाफाळलेला. जाळ बसला, गोवऱ्यांचा निखारा लाल झाला, तशी कणसं आगटीत खुपसली. कणीस फिरवत राहायचं. एक बाजू करपली आणि दुसरी कच्ची राहिली तर मामा कुणाला बोलत नाहीत, नुसतं कणीस बाजूला टाकतात. मग ते गरम कणीस दोन तळव्यांत धरून चोळायचं. हे काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. भाच्याने एकदा करून पाहिलं आणि हात पाण्यात घातले. मामांचे तळवे राखेने काळे, त्यातून दाणे घरंगळत सुपात पडतात, मावशी एका झटक्यात कोंडा उडवते, आणि मूठभर हुरडा तुमच्या हातात येतो. आधी धुराचा वास, मग गोडी. सोबत जवसाची चटणी, शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी, गुळाचा खडा. "गरम हाय तवरच खाय, मंग दगड होते," मावशी म्हणाली. इतकंच भाषण.

तोवर निखाऱ्यावर राख धरली होती आणि त्या राखेत वांगी भाजत होती. साल काढून, कांद्याची पात, हिरवी मिरची आणि वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. भाकर आणि अंबाडीच्या लाल फुलांची आंबट चटणी घरून बांधून आणलेली. जाळावर ढाळे, निखाऱ्यावर हुरडा, राखेत वांगं. कशानंतर काय, हे कुठल्याही आचाऱ्याने ठरवलेलं नव्हतं. आग जशी उतरत जाईल तसा पुढचा पदार्थ. हॉटेलात हे सगळं दाराआड घडतं आणि आपल्यापुढे फक्त बशी येते. म्हणून तिथे सांगायला माणूस लागत असावा.

हे जेवण व्हीगन आहे हे मावशीच्या गावीही नाही. याच घरात पोळ्याच्या करीला मटण शिजतं आणि हुरड्याबरोबर एरवी दह्याचं गाडगं असतं. भाच्यासाठी ते आणलं नाही, एवढाच फरक. न्यूयॉर्कच्या इलेव्हन मॅडिसन पार्क या तीन मिशेलिन ताऱ्यांच्या हॉटेलाने 2021 मध्ये मांस, मासे, अंडी बंद केली. ताटाचा दर होता 335 डॉलर. पण चहा-कॉफीसाठी दूध आणि मध त्यांनीही ठेवलंच होतं, आणि 2025 मध्ये मांसही परत आलं. भाचा त्यावर हिरमुसला होता. मला त्यात फार बिघडलं असं वाटत नाही.

शेवटी मोहाचा लाडू. चैत्रात पहाटे झाडाखाली वेचून वाळवलेली फुलं, भाजलेले तीळ, शेंगदाणे, सगळं एकत्र कुटलेलं. वळायला तूप लागत नाही, फुलाचा चिकटपणा पुरतो. मोह म्हटला की लोकांना दारूच आठवते, पण उटनूरकडच्या आदिवासी बायकांचे लाडू आता नावारूपाला आलेत. मार्च 2025 च्या 'मन की बात'मध्येही आदिलाबादच्या मोहफुलांचा उल्लेख होता. पौष अमावस्येला केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला मेस्राम कुळाचे गोंड गोदावरीचं पाणी पायी घेऊन येतात. त्या जत्रेला गेलात तर हे लाडू विचारून पाहा. दाताला चिकटतात, पण वासाला मनुका आणि गूळ यांच्या मधलं काहीतरी असतं. भाच्याने मागून दुसरा घेतला.

मग मावशीने चहा ठेवला. भाचा म्हणाला, "मला बिनदुधाचा." तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, आणि मला हळूच विचारलं, "पोट बिघडलं का याचं?"